बाबांची पायपेटी

२२ नोव्हेंबर हा संत सिसिलियाचा सण. संगीतकारांची ही आश्रयदाती संत चित्रकारांनी बहुधा ऑर्गनपाशी बसलेली रंगविली आहे. वास्तविक ती ऑर्गन वाजवीत असल्याचा उल्लेख तिच्या जुन्या चरित्रात नाही. तिच्या सणाच्या लॅटिन प्रार्थनेत म्हटले आहे ते इतकेच, की विवाहाच्या वेळी वाद्ये वाजत असता ती मनातल्या मनात प्रभूचे गीत गात होती. पुढे त्या वाक्याचा अर्थ लावता लावता लोकांनी ती वाद्ये तिच्याच हाती दिली आणि तेव्हापासून बिचारी ऑर्गनपाशी बसून आहे. ही हकिकत आम्हां भावंडांना आमच्या बाबांनी सांगितली. ते स्वतः सदतीस वर्षे देवळात ऑर्गन वाजवीत होते आणि आपल्या आश्रयदात्या संताला ऑर्गन येत नव्हता, याची त्यांना मोठी गंमत वाटे.

ख्रिस्तवासी बाबांच्या जन्माला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. कोणत्याही ग्रंथात त्यांचे नाव नाही. ऑर्गन वाजविणाऱ्याचे नाव सहसा कोठे नसतेच. मिस्सा संपली की लोक प्रवचनाविषयी बोलतात, फार तर एखाद्या गाणाऱ्या मुलीच्या आवाजाविषयी बोलतात. बाबांना हे मनापासून पसंत होते. ‘ऑर्गन छान वाजला असं कोणी म्हणालं, तर समजावं की आज काहीतरी जास्त झालं,’ असे ते म्हणत.

बाबा मूळचे नगर जिल्ह्यातले. तेथील एका मिशन बोर्डिंगात परदेशी फादरांच्या हाताखाली ते पायपेटी शिकले. बोटे चुकली तर फादर काही बोलत नसत, पाय थांबला की मात्र रागावत. पायपेटीचे मर्म पायांत आहे, हे त्या शिक्षणातले पहिले आणि शेवटचे सूत्र. दोन्ही पाय आळीपाळीने दाबले की भाता चालतो, भात्याने हवा खेळते आणि पितळेच्या पातळ जिभा कंप पावून बोलू लागतात. पॅरिसच्या दबें नावाच्या कारागिराने १८४२ साली ज्या हार्मोनियमचे पेटंट घेतले, त्यात हवा आतून बाहेर ढकलली जाई. पुढे अमेरिकेत घडविलेल्या ऑर्गनांत ती बाहेरून आत ओढली जाऊ लागली आणि सूर अधिक मऊ झाला. युरोपातल्या मोठ्या मंदिरांतील नळ्यांचा ऑर्गन आपल्या गावोगावच्या लहान देवळांना कोठून परवडणार? मिशनऱ्यांनी ही पायपेटीच बोटीत घालून आणली आणि आपण तिलाच ऑर्गन म्हणू लागलो. बाबांचे म्हणणे असे, की नळ्यांच्या ऑर्गनाला भाता ओढणारा वेगळा माणूस असे किंवा यंत्र असे; आपल्या ऑर्गनाला मात्र वाजविणाराच आपला श्वास देतो.

नोकरीच्या निमित्ताने बाबा पुण्यास आले आणि लग्नानंतर, १९४८ साली, नारायण पेठेत त्यांनी बिऱ्हाड केले. पुण्यातली कॅथॉलिक वस्ती लष्कर आणि नाना पेठ या बाजूला. नारायण पेठ ही केसरीवाड्याची, मोदी गणपतीची, पत्र्या मारुतीची पेठ. तेथे ख्रिस्ती कुटुंबाला खोली मिळणे त्या काळी सोपे नव्हते. बाबा जागा पाहावयास गेले तेव्हा मालकांनी नाव विचारले, गाव विचारले आणि बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरीत राहिले. मग सामान किती आहे, असे विचारले. बाबा म्हणाले, ‘दोन ट्रंका, एक पलंग आणि एक पायपेटी.’ मालकांचा अडकित्ता थांबला. ‘पायपेटी? आपण कोणत्या कंपनीत होता?’ कंपनी म्हणजे नाटक कंपनी, हे बाबांच्या ध्यानात येण्यास थोडा वेळ लागला. जागा मिळाली ती त्या पेटीमुळे, असे आई नेहमी सांगे.

ही गोष्ट आजच्या वाचकांना कदाचित नवलाची वाटेल. ऑर्गन हे देवळाचे वाद्य, म्हणून परके, असा समज आपल्यातही आहे आणि आपल्याबाहेरही आहे. पण १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्यामागे सारंगी आणि तिरखवाँचा तबला यांच्या जोडीला ऑर्गनची साथ असे. नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या पुणेकराच्या कानाला तो सूर घरचा होता. पेटीला परके मानले ते आकाशवाणीने. १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्या गायनाच्या कार्यक्रमांत हार्मोनियमला मज्जाव होता. नारायण पेठेने तसे कधी मानले नाही. आमच्याच वाड्यात मागल्या चौकात एक वृद्ध गृहस्थ राहत, त्यांनी उमेदीची वर्षे नाटक कंपनीत ऑर्गनची साथ करण्यात घालविली होती. सारा वाडा त्यांना अण्णा म्हणे. बाबांची त्यांच्याशी जी मैत्री जडली, तिच्याविषयी पुढे सांगायचेच आहे.

घरचा क्रम ठरलेला होता. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर बाबा आईला पाणी भरून देत, धाकट्याला मांडीवर घेऊन आमचे पाढे ऐकत. मग जपमाळ, जेवण आणि त्यानंतर अर्धा तास पायपेटी. हा अर्धा तास ते कोणाकडे मागून घेत नसत. शेजारच्या खोलीत कोणाची परीक्षा असली, कोणाचे तान्हे मूल नुकते झोपलेले असले किंवा वाड्यात कोणाकडे श्राद्ध असले, की पेटीचे झाकण उघडतच नसे. आणि उपवासकाळ आला की चाळीस दिवस ती संपूर्ण बंद. त्या काळात देवळातील ऑर्गन केवळ गायनाच्या आधारापुरता असतो, आणि पवित्र गुरुवारच्या ग्लोरियापासून पास्काच्या रात्रीच्या ग्लोरियापर्यंत तोही मुका होतो. घरच्या सरावाला असा कोणताही नियम नाही. बाबांनी तो आपल्यापुरता करून घेतला होता. वाड्यात नव्याने राहावयास आलेल्या एका काकूंनी आईला हलक्या आवाजात विचारले होते, ‘तुमचं सुतक कधी फिटतं हो?’

देवळातून मिळणारे थोडके मानधन आई एका वेगळ्या डब्यात ठेवी. त्या डब्यातून आमची पाठ्यपुस्तके येत आणि नाताळात एकेक नवा कपडा येई. त्या पैशांतून बाबांनी स्वतःसाठी काही घेतल्याचे आम्हांस आठवत नाही, अपवाद फक्त बुटांच्या तळव्यांचा. ते इतरांपेक्षा त्यांना लवकर बदलावे लागत.

रविवारी पहाटे बाबा सायकलवरून निघत. अलका टॉकीजच्या चौकातून लक्ष्मी रस्त्याला लागले की तो थेट क्वार्टर गेटपर्यंत जातो. दुकाने बंद, रस्त्यावर फक्त दूधवाले. सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली उभे राहिलेले सिटी चर्च त्याच टोकाला आहे. तेथून जाताना एक हात सायकलच्या दांड्यावरून काढून ते क्रुसाची खूण करीत आणि पुढे लष्करातल्या आमच्या देवळाकडे वळत. अनंत चतुर्दशीची दुसरी सकाळ रविवारी आली, की मोठी पंचाईत. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे यावयाची आणि बाबांना उलट दिशेने जावयाचे. मग ते बोळाबोळांतून सायकल हाती धरून वाट काढीत. मिरवणुकीतली वाड्यातली मुले त्यांना ओळखत आणि दोन्ही हातांनी गर्दी बाजूला सारून वाट करून देत. ‘ऑर्गनवाले काका आहेत, त्यांची पूजा आहे!’

आई आम्हांला घेऊन मागाहून पी. एम. टी.च्या बसने येई. आम्ही डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसत असू, आणि बाबा कधीही आमच्याजवळ नसत. ते मागे, माळ्यावर. त्यांची वेदीकडे पाठ असे. ऑर्गनवर एक लहान आरसा टांगला होता, त्यात पाहून फादर कोठवर आले, हे त्यांना समजे. इतर मुलांचे वडील शेजारी बसून त्यांचे कान धरीत, आमच्या वडिलांचा फक्त सूर खाली येई. आईला याची खंत होती. ती फारशी बोलून दाखवीत नसे, पण दर नाताळास मध्यरात्रीच्या मिस्सेला निघताना म्हणे, ‘एक वर्ष तरी शेजारी बसा.’ बाबा हसत आणि सायकलला दिवा लावीत.

नाताळच्या दिवसांत ते आम्हांस ग्रूबरची गोष्ट सांगत. फ्रान्झ झेवियर ग्रूबर हा ऑस्ट्रियातील आर्न्सडॉर्फ गावचा शाळामास्तर आणि जवळच्या ओबर्नडॉर्फच्या देवळातला ऑर्गनवादक. योसेफ मोर या तरुण धर्मगुरूने लिहिलेल्या कवितेला त्याने चाल दिली आणि २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री दोघांनी मिळून, मोरच्या गिटारीवर, ती प्रथम गायिली. तीच आज जगभर ‘सायलेंट नाइट’ म्हणून गायिली जाते. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही कथा बाबांना मान्य नव्हती. ती मागाहून कोणीतरी जोडली असावी, असे ते म्हणत. त्यांना मोह होता तो कथेच्या उत्तरार्धाचा. ग्रूबर नंतर हालाइन गावी गेला आणि १८६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथील देवळाचे संगीत सांभाळीत राहिला. त्याला बारा मुले झाली, त्यांपैकी थोडीच जगली. ‘गाणं साऱ्या जगात गेलं आणि तो आपला गावातच वाजवीत राहिला,’ एवढे म्हणून बाबा थांबत. याहून अधिक भाष्य त्यांनी कधी केले नाही.

१२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचेही. लकडी पूल पाण्याखाली गेला आणि मुठेचे पाणी पेठांतून शिरले. आमची खोली तळमजल्याची, नदीपासून हाकेच्या अंतरावर. बाबा नुकतेच कचेरीस निघत होते. त्यांनी प्रथम आजीला पाठीवर घेतले, मग आम्हांला एकेक करून वरच्या मजल्यावर पोहोचविले, आणि ते पुन्हा खाली उतरले तेव्हा पाणी कमरेपर्यंत होते. आईला वाटले, आता हे पेटी आणावयास जाणार. ते आले ते मागल्या चौकातल्या अण्णांना खांद्यावर घेऊन. वाड्यातली आम्ही सारी मंडळी मग गच्चीवरून शेजारच्या उंच इमारतीत गेलो आणि रात्र तेथेच काढली. आजूबाजूचे मातीचे वाडे बसत होते, त्यांचा आवाज अजून कानांत आहे.

दोन दिवसांनी खोली उघडली. गुडघाभर चिखल, त्यात उलटी पडलेली पायपेटी. लाकूड फुगलेले, भात्याचे कातडे लिबलिबीत, पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या. वाड्याची मागली बाजू पडली होती, पुढली राहिली. कितीतरी कुटुंबे त्यानंतर पेठ सोडून पूरग्रस्तांच्या नव्या वसाहतींत गेली. आम्ही राहिलो. पहिले काही महिने घर सावरण्यातच गेले. पेटीचे सांगाडे बाबांनी माळ्यावर टाकले होते. ती बाहेर काढली अण्णांनी. ‘सूर पितळेचे आहेत, ते बुडत नाहीत,’ असे म्हणून त्यांनी एकेक सूर सोडविला. दिवाळीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोज रात्री ते दोघे कंदिलाजवळ बसून सूर धूत, पुसत, कानस लावून जुळवीत. नवा भाता बसविला. तरी मधल्या सप्तकातला मध्यम कायमचा घोगरा राहिला. आमच्या घरी येणारे जाणकार त्या स्वराशी दचकत. आम्हांला मात्र तोच खरा मध्यम वाटे आणि अजूनही वाटतो.

या वर्षभराच्या सहवासाचे मोल बाबांना थोड्याच दिवसांत कळावयाचे होते. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज घोषित केला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. बाबांची सारी तयारी लॅटिनची. ‘मिस्सा दे आंजेलिस’ ते झोपेतही वाजवू शकले असते. शिवाय ते वाढले ते दहाव्या पायस यांच्या २२ नोव्हेंबर १९०३ च्या शिस्तीत. (आपला ‘निरोप्या’ ज्या वर्षी निघाला तेच हे वर्ष.) त्या शिस्तीत ऑर्गनला मान होता, पियानो आणि ढोल-झांजांना देवळात बंदी होती. आता परिषदेने ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही दार उघडले होते आणि लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला महत्त्व द्यावे, असे म्हटले होते. ठिकठिकाणच्या धर्मग्रामांत दोन तट पडले. तबला-पेटी म्हणजे देवळाचे भजनी मंडळ करणे, असे एका पक्षाचे म्हणणे, तर ऑर्गन म्हणजे साहेबाची आठवण, असे दुसऱ्याचे. दोन्ही पक्ष बाबांकडे येत आणि चहा पिऊन जात.

बाबांची अडचण वेगळीच होती. मराठी गीते त्यांनी जुन्या युरोपीय चालींवर बसविलेली ऐकली होती आणि त्यांत शब्दांची फार ओढाताण होई. ऱ्हस्वावर ताण पडे, दीर्घ गिळला जाई, ‘प्रभू’चा ‘प्र’ एका श्वासात आणि ‘भू’ दुसऱ्या श्वासात. त्यांनी ही तक्रार अण्णांपाशी केली. अण्णांनी पेटी पुढे ओढली आणि एक नाट्यपद धरले, पण वाजविले जवळजवळ काहीच नाही. गाणारा जेथे श्वास घेईल तेथे सूर भरावयाचा, एरवी मागे राहावयाचे. ‘तुमच्या देवळात ऑर्गन पुढे आणि माणसं मागून. आमच्याकडे गाणारा पुढे. शब्द मोडला तर नारायणराव मागे वळून बघायचे, तेवढं पुरे व्हायचं.’

त्या दिवसापासून बाबांनी वाजविण्याची पद्धत बदलली. चाळिशी उलटल्यावर बोटांची सवय बदलणे म्हणजे काय, हे वाजविणाऱ्यांनाच ठाऊक. ते मागे राहण्यास शिकले. गीताचे शब्द ते आधी आम्हां मुलांकडून मोठ्याने वाचून घेत, कोठे थांबलो तेथे पेन्सिलीने खूण करीत आणि त्या खुणांप्रमाणे सूर ठेवीत. आमच्या देवळात ऑर्गन राहिला आणि काही वर्षांनी त्याच्या शेजारी तबलाही येऊन बसला. तबलजीसाठी माळ्यावर पहिली चटई घरून नेली ती बाबांनी. या वादावर त्यांनी कधी भाषण केले नाही, हे आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण भाषणे करणारे पुष्कळ होते.

थोरल्या ताईचे लग्न १९७४ साली झाले. धर्मग्रामातल्या शेकडो लग्नांत बाबांनी ऑर्गन वाजविला होता. आता प्रश्न असा पडला, की वधूला वेदीपर्यंत न्यावयाचे कोणी आणि वाजवायचे कोणी? दुसऱ्या देवळातून ऑर्गनवाला आणावा, असे मामांनी सुचविले. बाबा काही बोलले नाहीत. लग्नाच्या दिवशी ते ताईचा हात धरून दारातून आत आले आणि देवळात कोणताही सूर वाजला नाही. सारे लोक उभे होते. फरशीवर फक्त दोघांची पावले ऐकू येत होती, आणि बाबांच्या नव्या बुटांची करकर. वेदीपाशी त्यांनी तिचा हात जावयाच्या हाती दिला, तिच्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि बाजूच्या वाटेने मागे चालत गेले. जिन्यावर त्यांची पावले वाजली. फादर हात जोडून थांबले होते. मग झाकण उघडल्याचा आवाज आला आणि प्रवेशगीत सुरू झाले.

रात्री आई म्हणाली, ‘आज तरी खाली बसायचं होतं.’ बाबा म्हणाले, ‘खाली बसून काय केलं असतं? रडलो असतो. वर निदान पाय चालू होते.’

पुढे गुडघे दुखू लागले. १९८४-८५ च्या सुमारास त्यांना एका दमात दोन गीतेही नेईनात. तेव्हा आमचा धाकटा भाऊ बाकाच्या कडेला त्यांच्या लगत बसू लागला. बाबा वाजवीत आणि तो वाकून पाय चालवी. दोघांचा मेळ बसण्यास चार-पाच रविवार गेले. कधी हवा कमी पडून सूर पडे, कधी उगाच फुगे. पण एकदा बसला तो असा, की खाली बसलेल्यांना काही कळत नसे. घरी दोघांचे फारसे पटत नसे, हे येथे सांगितले तर चालेल. माळ्यावर ते एकमेकांच्या श्वासाने चालत. १९८७ च्या पास्कानंतर बाबांना जिना चढणेच अशक्य झाले. ऑर्गनच्या जागी विजेवर चालणारा कीबोर्ड आला, एक हुशार मुलगा तो वाजवू लागला आणि बाबांनी आपली पेन्सिलीच्या खुणांची सारी पुस्तके त्याला देऊन टाकली.

त्या वर्षी पेंटेकॉस्टच्या रविवारी बाबा प्रथमच डावीकडच्या तिसऱ्या बाकावर आईशेजारी बसले. चाळीस वर्षे आईने ज्याची वाट पाहिली, तो योग आला. पण तो तिला सुखाने पाहता आला, असे म्हणवत नाही. बाबांना केव्हा उठावे, केव्हा बसावे आणि केव्हा गुडघे टेकावेत, हेच उमजेना. मिस्सा त्यांनी आरशात पाहिली होती, उजवे डावीकडे आणि डावे उजवीकडे. वेदी प्रत्यक्ष समोर आल्यावर ते गांगरल्यासारखे झाले. अर्पणगीत सुरू झाले आणि बाकाखाली त्यांचे दोन्ही पाय आळीपाळीने हलू लागले. फळी हलकेच कुरकुरू लागली. पुढल्या बाकावरची माणसे वळून पाहू लागली. आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थांबले नाहीत. मग तिने हात तसाच ठेवला आणि गीत संपेपर्यंत काढला नाही.

बाबा १९९४ साली, उपवासकाळात निवर्तले. पायपेटी बंदच होती. घरून निघताना वाड्यातल्या जुन्या मंडळींपैकी जी उरली होती, ती दारापर्यंत आली, आणि अण्णांच्या नातवाने पेटीच्या झाकणावर मोगऱ्याची ओंजळ ठेवली. देवळात कीबोर्डवर तोच मुलगा होता. त्याने बाबांच्या पुस्तकातले गीत धरले, खुणांच्या जागी थांबला, कोठेही शब्द मोडू दिला नाही. आई सर्व वेळ डोळे मिटून होती.

घरी परतल्यावर तिने पदराने पेटीवरची धूळ पुसली. म्हणाली, ‘मुलगा चांगला आहे. लय जरा घाईची होती.’